शेवंतूचं सुतक : वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या वाचनालयाची १९८४ पासूनची आजीव सभासद. मंडळातले दोघे जण दहावीला माझ्या वर्गात होते. बाजारात भेटले की मी त्यांना अरे-तुरे करते, पण हे पत्र मंडळाला आहे, तेव्हा इथे सगळ्यांना 'आपण'. पत्र उघड लिहिते आहे, कारण बंद पाकिटातून दिलेल्या दोन पत्रांची साधी पोचही मला मिळालेली नाही.

काय घडलं ते वाचकांसाठी आधी सांगते. आमच्या वाचकगटाने चार रविवारांचा एक अभ्यासवर्ग ठरवला होता. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखिका टोनी मॉरिसन यांची गुलामगिरीवरची 'बिलव्हेड' (म्हणजे लाडकी) ही १९८७ सालची कादंबरी घ्यायची, तिच्यातले निवडक भाग मराठीतून समजावून वाचायचे, आणि असं पुस्तक कसं वाचावं याबद्दल वसाहतोत्तर समीक्षा, म्हणजे साहित्यात वसाहतींच्या राज्याच्या खुणा शोधणारी समीक्षा, काय सांगते ते बोलायचं. बावीस जणांनी नावं दिली होती. त्यातले सात पंचविशीच्या आतले. आपल्या वाचनालयात पंचविशीच्या आतलं माणूस शेवटचं कधी दिसलं होतं, आठवून पाहा. जोडीला जिन्याच्या भिंतीवर सहा फलक लावले होते, गोव्यातल्या गुलामगिरीविषयी. पहिल्या रविवारला दोन दिवस राहिले असताना आपली तीन ओळींची चिठी सूचनाफलकावर लागली: विषय गोमंतकाशी संबंधित नसल्याने, तसेच सभासदांच्या भावना दुखावण्याची शक्यता असल्याने, अभ्यासवर्ग रद्द करण्यात येत आहे. त्याच संध्याकाळी फलक उतरवले गेले. कादंबरीची वाचनालयातली एकुलती प्रत मांडणीवरून उचलून कपाटात ठेवली. कपाटाला कुलूप, किल्ली सचिवांकडे.

कार्यक्रम रद्द करायचा अधिकार मंडळाला आहे. घटनेत तसं कलम आहे आणि मी ते वाचलेलं आहे. माझं भांडण त्या तीन ओळींशी आहे, म्हणून त्या ओळी एकेक करून घेते.

'विषय गोमंतकाशी संबंधित नाही.'

परभाषांतून मराठीत आलेल्या शब्दांचा धडा मी तीस वर्षं शिकवला. पोर्तुगीज म्हटलं की मुलं घडाघडा म्हणायची: बटाटा, पाव, चावी, पगार, लिलाव. मी 'शाब्बास' म्हणून फळा पुसायची. लिलाव हा शब्द पोर्तुगीज 'लैलांव'वरून आला एवढं मला ठाऊक होतं. त्या लैलांवात काय काय विकलं जायचं, हे मला कुणी शिकवलं नाही आणि मीही शोधलं नाही.

यान हुयगेन व्हान लिन्शोतेन हा डच तरुण १५८३ साली गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी नोकर म्हणून आला आणि पाचेक वर्षं इथे राहिला. त्याचं प्रवासवर्णन १५९६ मध्ये छापलं गेलं. जुन्या गोव्यातल्या रुआ दिरैता या रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचं वर्णन त्यात आहे. अरबी घोडे, मसाले, औषधी, उंची कापड. आणि त्याच रांगेत बायका, पुरुष, तरुण, म्हातारे. आमच्या मुलखात गुरं विकतात तशी इथे माणसं विकतात, अशा अर्थाचं तो लिहून गेला आहे. पुस्तकात त्या बाजाराचं चित्रही आहे. आपण उतरवलेला दुसरा फलक त्या चित्राचा होता. व्हाइसरॉयच्या कमानीतून शहरात शिरणारा तो रस्ता. दिवाडीच्या फेरीबोटीतून उतरून जुन्या गोव्यात यायचं तर आजही त्याच कमानीखालून यावं लागतं. मंडळातले निदान तिघे तरी दर वर्षी दिवाडीच्या बोंदेराच्या सणाला तिथून ये-जा करतात.

आणखी हवं असेल तर घ्या. आफ्रिकेतल्या मोझांबिक या पोर्तुगीज वसाहतीचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालत होता. माणसं मोझांबिकमधून यायची, बंगालच्या किनाऱ्यावरून यायची, पार जपानहूनही यायची. जपानी माणसांना गुलाम करू नये असा हुकूम पोर्तुगालच्या राजाला १५७० साली काढावा लागला, यावरून काय ते समजावं. गुलामांच्या व्यापारावर लिस्बनने १८३६ साली बंदी घातली. गुलामगिरी कायद्याने संपवली ती १८६९ साली. येल्लापूर, हल्याळ, अंकोल्याच्या रानात राहणारे सिद्दी आपल्या शेजारचेच. गोव्यातून पळालेल्या आणि सुटलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज त्यांच्यात आहेत. त्यांच्यातले कितीतरी जण घरात कोकणीचीच एक बोली बोलतात. २००३ साली उत्तर कन्नडमधल्या सिद्दींचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश झाला. कारवारच्या कोडीबागेत खापरी देवाला आपल्यातले काही जण नवस बोलायला जातात. देवाचं नाव तेवढं घेतात, त्या शब्दात दडलेला आफ्रिकी माणूस कोण ते विचारत नाहीत. मी लहान असताना रात्री झोपले नाही की आजी म्हणायची, "न्हीद, ना जाल्यार खाप्री येतलो." (झोप, नाहीतर खाप्री येईल.) तो कोण, कुठून येणार, त्याला इथवर कुणी आणलं, हे तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

आता गोमंतकाशी संबंधित विषय म्हणजे नेमका कसला, ते मंडळाने सांगावं.

दुसरी ओळ भावनांची. तिच्याकडे वळण्याआधी पुस्तकाबद्दल बोलायला हवं, कारण चिठीवर सह्या करणाऱ्यांपैकी कुणी ते वाचलं असेल असं मला वाटत नाही. यात टोमणा नाही. वाचून मग नको म्हटलं असतं तर हे पत्र वेगळं झालं असतं.

मॉरिसन एका प्रकाशनसंस्थेत संपादक असताना त्यांना वर्तमानपत्राचं एक जुनं कात्रण सापडलं. १८५६ च्या जानेवारीत मार्गारेट गार्नर नावाची गुलाम बाई केंटकीतून मुलाबाळांसह पळाली आणि गोठलेली ओहायो नदी चालत ओलांडून सिनसिनाटीत पोचली. मालकाची माणसं घराला वेढा घालून उभी राहिली तेव्हा तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हातांनी मारलं. मुलगी पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून. मग कोर्टात जो वाद झाला तो असा: हिच्यावर खुनाचा खटला चालवायचा, की पळालेला माल म्हणून हिला मालकाकडे परत पाठवायचं? खून म्हणावा तर मेलेली मुलगी माणूस ठरते. शेवटी तिला परत पाठवलं.

एवढ्या धाग्यावर मॉरिसन यांनी सेथ ही बाई उभी केली. मारलेल्या मुलीच्या थडग्यावर एकच शब्द कोरलेला आहे. तेवढ्या एका शब्दाची मजुरीसुद्धा सेथला दगड घडवणाऱ्याला स्वतःचं शरीर देऊन चुकवावी लागते. तोच शब्द पुस्तकाचं नाव आहे. पुढे ती मेलेली मुलगी परत येते. भूत म्हणा, आठवण म्हणा. आमच्या गटातला एक मुलगा म्हणाला, "टीचर, ही तर देवचाराची गोष्ट." मी त्याला गप्प केलं नाही. आपल्याकडे राखणदार आणि देवचार ज्या सहजपणे गावात नांदतात, तितक्याच सहजपणे या घरात भूत नांदतं. विद्यापीठातल्या कुठल्याही प्राध्यापकापेक्षा आमच्या वाड्यावरच्या माणसाला ते आधी कळेल.

मला स्वतःला हलवलं ते मात्र भुताने नव्हे, मास्तराने. सेथच्या मळ्यावर एक माणूस येतो. पुस्तकात त्याला नाव नाही, सगळे त्याला नुसतं 'शाळामास्तर' म्हणतात. तो वहीत नोंदी करतो, दोरी घेऊन गुलामांची मापं काढतो. एक दिवस सेथच्या कानावर पडतं की तो पोरांना धडा देतोय: हिचे माणसासारखे गुण एका बाजूला लिहा, जनावरासारखे दुसऱ्या बाजूला. सेथला पुढे आयुष्यभर डाचतं ते असं की त्या वहीतली शाई तिनेच घोटून दिलेली होती. मी स्वतः मास्तरीण. तीस वर्षं फळ्यावर मधोमध रेघ मारून दोन रकाने पाडत आले. ते पान वाचल्यावर काही दिवस मला खडू हातात धरवेना.

वसाहतोत्तर समीक्षा म्हणतात ती काय, हे इथेच सांगून टाकते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. समीक्षक एडवर्ड सैद यांनी १९९३ सालच्या आपल्या एका ग्रंथात जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफिल्ड पार्क'कडे बोट दाखवलं. इंग्लंडमधलं ते टुमदार घर, तिथली लग्नं, नाटकं, शिष्टाचार, सगळं कादंबरीत आहे. आणि घरमालकाची अँटिग्वा बेटावर मालमत्ता आहे हेही आहे, पण जाता जाता, एखाददुसऱ्या वाक्यात. सैद म्हणाले, घर वाचताना ते बेटही वाचा. त्या बेटावरच्या गुलामांच्या कष्टांवर ते घर उभं आहे. मी हे वर्गात असं सांगते: राजांगण, म्हणजे घराचा मधला चौक, बघताना विहीर बघायची आणि पाणी कोण ओढतंय ते विचारायचं. अभ्यासक गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८८ मध्ये विचारलं की सर्वांत खालच्या पायरीवरची व्यक्ती बोलू शकते का. तिला तोंड नाही असं त्यांना म्हणायचं नव्हतं. ती बोलली तरी ते ऐकून टिपून ठेवणारी वही दुसऱ्याची असते, हा त्यांचा मुद्दा. गुलामांबद्दल आपल्याला जे कळतं ते विक्रीच्या कागदातून, मृत्युपत्रातून, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतून, म्हणजे शाळामास्तराच्या वहीतूनच. तिथे ऐतिहासिक कादंबरीला काम उरतं: वहीत नाही ते, खोटं न बोलता, कल्पनेने भरून काढायचं.

आणि आपली मराठी ऐतिहासिक कादंबरी? मी लहानपणापासून ढिगाने वाचली, रडून वाचली. तिच्यातली दासी तबक घेऊन येते, महाराणींच्या पायांशी बसते, निरोप घेऊन पडद्याआड जाते. पेशवाईच्या कागदांत कुणबिणी, म्हणजे दासी, विकत घेतल्याच्या, बक्षीस दिल्याच्या नोंदी आहेत. तबक आणणारीची किंमत किती पडली होती, हे एकाही कादंबरीने मला सांगितलं नाही.

टिपणं करताना माझी सगळ्यात जास्त दमछाक एका शब्दाने केली. कादंबरीत पानोपानी येणाऱ्या 'स्लेव्ह'ला मराठीत काय म्हणायचं? गुलाम म्हटलं की पत्ते आठवतात. बटीक शिवी झाली. दास म्हणावं तर आपण त्या शब्दाला गंध-फूल वाहून ठेवलंय. रामदास आहे, नवविधा भक्तीत दास्य सातवं आहे. दास्य ही भक्ती, असं ज्या भाषेने शेकडो वर्षं मनापासून मानलं, त्या भाषेत सेथची पाठ कशी सांगायची? (तिच्या पाठीवर चाबकाच्या वळांचं झाड उमटलेलं आहे, फांद्या-पानांसकट.) आणि राहिला गोव्यातला आपला खास शब्द, बांदी, म्हणजे घराला बांधलेली दासी. तो लिहिताना माझा हात थांबला. का थांबला ते सांगण्यासाठीच हे पत्र.

तर, भावना. कुणाच्या?

चौकशी केली. पहिल्या चार फलकांवर कुणाचा आक्षेप नव्हता. ते पोर्तुगीजांविषयी होते. लिन्शोतेनच्या चित्रापुढे उभे राहून मंडळातल्याच एकाने "बघा, काय राक्षस होते" असं म्हटल्याचं मला दोघांनी सांगितलं. आक्षेप पाचव्यावर होता. इतिहासकार तेओतोनियो डिसोझा यांनी पणजी शहरातल्या म्हामाय कामत घराण्याच्या दप्तराच्या आधारे, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातून चाललेल्या फ्रेंच गुलाम-व्यापारावर निबंध लिहिला आहे. ते घराणं फ्रेंचांचं दलाल म्हणून काम बघत होतं. त्याच फलकावर दीवच्या गुजराती व्यापाऱ्यांचाही उल्लेख होता. त्यांचं कापड मोझांबिकला जायचं आणि त्या कापडाच्या बदल्यात हस्तिदंत घेतलं जायचं, तशीच माणसंही. बस्स. एका घराण्याला नावं ठेवणं हा हेतू नव्हता. उलट त्या दप्तरामुळे हा व्यापार आपल्याला कळतो, हे फलकावर आभारासह लिहिलं होतं.

जिन्यात अध्यक्ष मला म्हणाले, "बाई, पोर्तुगीजांचं पाप आपल्या माथी कशाला मारून घेता?"

साहेब, इथे आपलं आणि माझं खरं भांडण आहे. वसाहतवादाने आपलं काय केलं, हे सांगणारी समीक्षा आपल्याला हवी आहे. ती समुद्राकडे बोट दाखवते तोवर आपण टाळ्या वाजवता. तेच बोट घराच्या मागच्या दाराकडे वळलं की विषय गोमंतकाचा राहत नाही. अर्धीच वही वाचायची असेल तर शाळामास्तराची आणि आपली वही एकच.

आता मागच्या दाराविषयी.

माझं आजोळ बांदोड्याच्या बाजूला. चौसोपी घर, राजांगणात तुळस, मागे विहीर. त्या घरात शेवंतू होती. मी पाहिली ती म्हातारी, पाठीत वाकलेली. पहाटे विहिरीवर पहिली घागर तिची, रात्री न्हाणीघराचा दिवा मालवणारी ती. सगळ्यांची पंगत उठल्यावर मागच्या पडवीत जेवायची. चवथीला दोन लुगडी मिळायची. पगार हा शब्द तिच्या बाबतीत मी कधी ऐकला नाही. कुणी विचारलं की आजी म्हणायची, "शेवंतू म्हणजे घरचंच माणूस." आम्हा मुलांना तसंच वाटायचं. तिने मला पोहायला शिकवलं, कोकमं फोडायला शिकवलं. तिला मारलेलं मी कधी पाहिलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल की बाई घराची बदनामी करते आहे.

१९६९ च्या पावसात शेवंतू गेली. मी बारा वर्षांची होते. तिला अग्नी गड्याने दिला. दुपारी देवाची पूजा नेहमीसारखी झाली, नैवेद्य दाखवला, संध्याकाळी आरती झाली. वर्षभरापूर्वी मामांचे कुणी दूरचे चुलते मुंबईत वारले, ज्यांना आमच्यापैकी कुणी पाहिलंही नव्हतं, तेव्हा दहा दिवस घरात देवाला हात लावला नव्हता. म्हणून मी विचारलं, "आजी, आपल्याला सुतक नाही?" आजी वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "आमची कोण गो ती?"

अनेक वर्षांनी ऑर्लांडो पॅटरसन या अभ्यासकाचा विचार वाचनात आला. १९८२ च्या ग्रंथात तो म्हणतो, गुलामगिरीचं मर्म साखळदंडात वा चाबकात नाही. गुलामाला जन्माचं नातं नसतं; मागे पूर्वज मोजत नाहीत, पुढे वंश मोजत नाहीत; तो जिवंतपणी समाजाच्या लेखी मेलेला असतो. मी पुस्तक मिटलं. आपल्या भाषेत यासाठी केवढी साधी कसोटी आहे: माणूस गेल्यावर कुणाला सुतक लागलं?

आणि यादी. मामा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत पणजीच्या लग्नातली आंदणाची यादी सापडली. मोडीत होती. मोडी येणाऱ्या एका स्नेह्याकडून वाचून घेतली. शके १८१३, म्हणजे १८९१. तांब्याच्या घागरी दोन, समई एक, पाट चार, दुभती गाय एक वासरासह, बांदी एक. नाव नाही. गाईला वासरू आहे हे लिहिलंय, बाईला नाव आहे हे लिहिलेलं नाही. ती शेवंतूची आई. लिस्बनने गुलामगिरी संपवून तोवर बावीस वर्षं झाली होती. ही यादी कुणा पोर्तुगीजाने केलेली नाही. ती माझ्या पणजीच्या वडिलांनी केली, सुवाच्य अक्षरात, वरती 'श्री' लिहून.

सहावा फलक त्या यादीचा होता. माझ्याच घराचा कागद, माझ्याच परवानगीने. भावना दुखावायच्याच असतील तर पहिल्या माझ्या दुखावल्या असत्या.

एका ज्येष्ठ सदस्यांनी मला फोन करून प्रामाणिक हरकत घेतली, तिला उत्तर देणं भाग आहे. ते म्हणाले, अमेरिकेतल्या मळ्यांवरचे हाल आणि आपल्या घरातली चाकरी एका पारड्यात घालणं हा अन्याय आहे. बरोबर आहे. मी घालत नाही. शेवंतूला कुणी लिलावात उभं केलं नाही, तिच्या पाठीवर झाड नव्हतं. रुआ दिरैतावर उभ्या केलेल्या मोझांबिकच्या माणसाची स्थितीही तिच्याहून वेगळी, सेथचीही वेगळी. पण एक वाचल्याशिवाय मला दुसरी दिसली नव्हती. साठ वर्षं 'घरचंच माणूस' म्हणत होते, केंटकीतल्या बाईने मला आजोळची पडवी दाखवली.

त्यांची दुसरी हरकत मला जास्त पटली. ही सगळी परिभाषा अमेरिकेतल्या विद्यापीठांतून येते, मग हा नवा साहेबच नव्हे का? धोका आहे खरा. सैद आणि स्पिव्हाक यांची नावं ताइतासारखी गळ्यात घालून फिरणारे मीही पाहिले आहेत. त्यांना शेजारच्या गावचा मुंडकार, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारा माणूस, दिसत नाही. अमेरिकेतली गुलामगिरी वसाहतोत्तर चौकटीत बसते की नाही यावर अभ्यासकांतच वाद आहे, आणि तिसऱ्या रविवारी आम्ही तोच वाद घालणार होतो. पण आपण उसनं आणतोय ही समजूत तेवढी चुकीची. १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि निग्रोंना दास्यातून सोडवल्याबद्दल अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. मॉरिसन जन्मायला अजून अठ्ठावन्न वर्षं होती. दोन किनाऱ्यांवरची गुलामी एकमेकींच्या शेजारी ठेवून वाचायची रीत मराठीने दीडशे वर्षांपूर्वी सुरू केली आहे. आपण तिला कुलूप घातलं.

बाकी तक्रारी थोडक्यात. चिठीवर सही करण्याआधी वाचकगटाला बोलावलं नाही. फलक गुंडाळताना दोन फाटले. ते आम्ही वर्गणी काढून केले होते. त्या रविवारी सभागृह दुसऱ्या व्याख्यानाला दिलं. विषय होता गोमंतकातल्या देवळांचं वैभव. चांगला विषय आहे, मीही गेले असते. वक्त्यांनी कलावंतांविषयी, भाविणींविषयी, म्हणजे देवळाच्या सेवेला वाहिलेल्या बायकांविषयी, एक शब्द काढला नाही, असं जाऊन आलेले सांगतात. आणि पुस्तक मागायला गेलेल्या एका मुलीला "ते आता मिळायचं नाही" असं सांगितलं गेलं. का, असं तिने विचारलं तेव्हा ग्रंथपाल बिचारा गप्प राहिला. त्याच्यावर माझा राग नाही. किल्ली त्याच्याकडे नव्हती.

मागण्या अशा:

१. अभ्यासवर्ग चार रविवार, त्याच सभागृहात, चवथीच्या आधी पूर्ण होईल अशा तारखांना परत लावावा.

२. कादंबरीची प्रत मांडणीवर परत ठेवावी. पुढे कुठलंही पुस्तक कपाटात न्यायचं असेल तर कारण, तारीख आणि सही यांची नोंद सभासदांना बघता येईल अशी ठेवावी.

३. सहाही फलक परत लावावेत, पाचवा आणि सहावा धरून. त्यात तपशिलाची चूक असेल तर लेखी कळवावी. आम्ही दुरुस्त करू आणि दुरुस्ती केल्याचं फलकावरच लिहू.

४. रद्द करण्याचा ठराव कुठल्या सभेत, कुणाच्या सूचनेवरून झाला, ते इतिवृत्त येत्या सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावं.

५. आंदणाची मूळ यादी मी वाचनालयाला द्यायला तयार आहे. ती जतन करण्याची सोय आहे की नाही ते कळवावं. नसेल तर मी ती पणजी शहरातल्या पुराभिलेख खात्याकडे घेऊन जाईन.

नवा खर्च यातल्या कशालाच नाही. फाटलेले दोन फलक आम्ही पुन्हा आमच्या पैशांनी करू.

उत्तराची वाट पाहीनच. तोवर येत्या रविवारी सकाळी दहाला आम्ही बावीस जण वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून पहिलं प्रकरण वाचणार आहोत. पुस्तक एका मुलीने स्वतःच्या पैशांनी मागवलं आहे. घोषणा नाहीत, फलक नाहीत. पावसाचे दिवस आहेत. सभागृह उघडलंत तर बरं होईल, नाहीतर छत्र्या आणायला सगळ्यांना सांगितलं आहे.

कळावे,

आपली,
अंत्रुज महालातली एक आजीव सभासद
(निवृत्त मराठी शिक्षिका)